कोकणातल्या घरांत निघणाऱ्या जुन्या संगिनी ओळखायच्या कशा?

लाल_माती

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातलं आमचं जुनं घर दुरुस्तीसाठी उतरवतोय. माळ्यावरच्या पेटीत तीन संगिनी निघाल्या. पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला होते आणि तिन्ही त्यांनीच तिकडून आणल्या, असं घरातले सगळे सांगतात. मला ते खरंच तसं आहे का हे बघायचंय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चुकीच्या माहितीची चिठ्ठी लावून त्या पुढच्या पिढीच्या हातात द्यायच्या नाहीत. फोटो चढत नाहीयेत, म्हणून वर्णन देतो.

पहिली: लाकडी मूठ, पातं १७ इंच. मुठीजवळ पात्यावर मुकुट, त्याखाली जी आणि आर, मग १९०७, मग ५ आणि १७, आणि सँडरसन हे नाव. उलट्या बाजूला बाणाच्या खुणा, एक फुली आणि बारीक मुकुट व आकडे.

दुसरी: हिला मूठच नाही. लोखंडी नळकांडं, त्यातून वाकून बाहेर आलेलं तीन कडांचं निमुळतं पातं, तेही १७ इंचांच्या आसपास. नळकांड्याभोवती एक कडी आहे, ती गंजून घट्ट बसलीय.

तिसरी: सगळ्यात लांब, पातं २० इंचांहून थोडं जास्त. परजेचं (मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीचं) एक टोक आकड्यासारखं वळलेलं. परजेवर उर्दूत असतात तसे आकडे.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. तिन्ही गंजल्या आहेत, अजून काहीच लावलेलं नाही.

खाडीकाठ

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही एक आहे, नंतर लिहितो.

शेफील्ड_पोलाद

लाल_माती, काहीच लावलं नाहीत हे उत्तम केलंत. तसंच राहू द्या, त्याबद्दल शेवटी सांगतो.

पहिली अगदी स्पष्ट आहे. १९०७ हे त्या नमुन्याचं साल. ती बनली मे १९१७ मध्ये, तुम्ही वाचलेले ५ आणि १७ म्हणजे महिना आणि वर्ष. बहुतेक लोक १९०७ वाचून थांबतात आणि दहा वर्षं चुकतात. सँडरसन म्हणजे इंग्लंडमधल्या शेफील्डचा कारखाना. विल्किन्सन, चॅपमन, मोल, व्हिकर्स यांनीही हाच नमुना बनवला. ऑस्ट्रेलियात लिथगो आणि आपल्याकडे बंगालमध्ये इशापूरला बनला. जपानच्या टाइप ३० संगिनीवरून इंग्रजांनी हा लांब नमुना घेतला. सुरुवातीच्या संगिनींच्या परजेला आकडा असायचा, १९१३ मध्ये तो काढून टाकला. त्यामुळे तुमच्या १९१७ च्या संगिनीला आकडा नसणं बरोबरच आहे. फुली म्हणजे पातं वाकवून तपासल्याची खूण, आणि मुकुटाखालचे आकडे तपासनिसाचे.

आता एक काम करा. बाणाच्या खुणा भिंगाखाली नीट बघा. एकच बाण आहे, की दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर आहेत? बाणाखाली आय, म्हणजे इंडिया, हे अक्षर आहे का? यावर बरंच अवलंबून आहे.

दुसरी, फिरती कडी आहे म्हणजे १८५३ च्या एनफिल्ड रायफलची किंवा तिच्या घराण्यातली. त्याआधीच्या ब्राउन बेस या बंदुकीच्या संगिनीला अशी कडी नसते. कडी जोर लावून फिरवू नका, तुटेल. पातळ तेलाचे दोन थेंब सोडून आठवडाभर वाट बघा. नळकांड्याचा आतला व्यास कळवा. ब्राउन बेसची नळी .७५ इंच बोअरची (आतल्या व्यासाची), एनफिल्डची .५७७ ची. त्यामुळे दोन्हींच्या नळकांड्यांतला फरक सहज मोजता येतो.

तिसरी बघायला मी आत्ता रत्नागिरीहून निघालो असतो! तुर्की माउझर रायफलची दिसतेय. चंद्रकोरीचा ठसा कुठे आहे का बघा.

बांगडा_तिखलं

आमच्या आजयेन ती तीन धारांची परड्यात उलटी पुरून नारळ सोलूक वापरल्यान. खरां सांगतंय. इंग्रजांचो नेम चुकलो असात, आजयेचो कधी चुकूक नाय.

शेफील्ड_पोलाद

@बांगडा_तिखलं, अहो, ती अजून आहे का? असेल तर उपटू नका, आधी मापं घ्या!

बांगडा_तिखलं

आसा. आता तिच्यार मिरवेल चढलीहा. पावसाळो सरलो की काढतंय.

निवृत्त_जमादार

पहिल्या क्रमांकाबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. नोकरीत असताना मुख्यालयाच्या कवायतीला आम्ही .३०३ रायफल आणि हीच लांब संगीन वापरली. संगीन चढवताना खटका बसला की होणारा आवाज शंभर जणांचा एकदम झाला पाहिजे, नाहीतर उस्ताद पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. सांगायचा मुद्दा असा की ही संगीन म्हटली की महायुद्धच असं धरू नका. तीच वस्तू पोलीस, संस्थानांची दलं, तुरुंगाचे पहारेकरी अशा सगळ्यांकडे दशकानुदशकं होती. इशापूरच्या ७.६२ मिमी २ए१ रायफललाही हीच बसते.

इशापूरच्या संगिनींवर आरएफआय, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, लिहिलेलं सापडतं, आणि जीआर ऐवजी जीआरआय, म्हणजे राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे पातं १२ इंचांवर आणलं. काही जुनी कापून लहान केली, काही नवीनच तेवढी बनवली. नव्यांच्या पात्याला बाजूची लांब खाच बहुधा नसते.

पागोळी

ती खाच रक्त वाहून जायला असते ना? आमच्या गावात एकजण असंच सांगायचे.

शेफील्ड_पोलाद

नाही. रक्ताशी तिचा काही संबंध नाही. खाच पाडली की पात्याचं वजन कमी होतं आणि ताठपणा टिकतो. १७ इंच पातं बंदुकीच्या टोकाला लावून दिवसभर मिरवायचं तर प्रत्येक तोळा मोजावा लागतो. ही कथा जगभर ऐकू येते, पण कुठल्याही शस्त्रागाराने खाच त्यासाठी पाडलेली नाही.

जमादारसाहेबांच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन.

चकाचक_७७

एवढं काय त्यात. शंभर नंबरचा पॉलिश पेपर घ्या, तासाभरात आरशासारखी होते. मुठीला टचवूड मारा. मी दोन केल्यात, हॉलमध्ये लावल्यात, पाहुणे बघत राहतात.

शेफील्ड_पोलाद

चकाचक, तुमच्या हौसेचा आदर ठेवूनच सांगतो, पण हे कुणीही करू नका. पॉलिश पेपर आधी काय खातो? मुकुट, तारीख, तपासनिसाचा आकडा, बाण. म्हणजे ती वस्तू कोण, कुठली, कधीची हे सांगणारं सगळं. हे ठसे मिलिमीटरच्या अंशाएवढेच खोल असतात. एकदा गेले की कोणताही तज्ज्ञ ते परत आणू शकत नाही. पात्यावरचा काळपट तपकिरी थर तसाच ठेवायचा असतो. काढायचा तो फक्त चालू असलेला लाल, भुसभुशीत गंज, तोही तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने किंवा तांब्या-पितळेच्या बारीक जाळीने.

चकाचक_७७

झाल्या त्या झाल्या. पुढची तशीच ठेवीन, पण तिखट वाटलं तुमचं उत्तर.

माडाची_सावली

तिखट नाही, बरोबर आहे. मी जुनं लाकूड आणि धातू दुरुस्त करते, म्हणून आपल्या हवेपुरतं लिहिते. पुण्याच्या माणसाला सांगितलेले उपाय किनाऱ्यावर पुरत नाहीत. खारा वारा आणि चार महिन्यांचा दमट पावसाळा यात उघडं पोलाद पंधरवड्यात लाल होतं.

संगीन चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेल्या आम्लामुळे पातं आतून खातं. म्यान शेजारी, वेगळं ठेवा. खोबरेल लावू नका. आपल्याकडे हात पहिला तिकडेच जातो, पण ते खवट होतं, चिकटतं, धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल अगदी पातळ पुसून लावलं तरी चालतं, त्याहून चांगलं म्हणजे संग्रहालयं वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण. लावल्यावर उघड्या बोटांनी धरू नका, घामातलं मीठ ठशासकट उमटतं.

आणि हात जोडून विनंती, पितळी मुठीला आमसूल किंवा चिंच लावू नका. समई घासतो तशी फ्रेंच शासपो रायफलच्या संगिनीची पितळी मूठ घासलेली मी पाहिलीय, तिच्यावरचे आकडे गुळगुळीत झाले होते.

कायदा_काका

सगळे हौसेने लिहीत आहेत, पण कायद्याचं कुणीच बोललं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत बंदुकांव्यतिरिक्त शस्त्रांचा पाचवा वर्ग आहे. त्यात तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर संगीन नाव घेऊन लिहिलेली आहे. घरगुती किंवा शेतीच्या कामाचं हत्यार म्हणून सूट मिळते, ती संगिनीला लागू नाही, नारळ कितीही सोलले तरी. कलम ४ प्रमाणे सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात अशी शस्त्रं बाळगायलाही परवाना लागतो. म्हणून लाल_माती, आपल्या भागात काय लागू आहे हे जिल्हाधिकारी कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. वारशाने आलेली वस्तू आपण होऊन कळवणाऱ्या माणसाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

आणखी दोन गोष्टी. पुरावशेष व कलावस्तू अधिनियम १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१७ ची संगीन आता त्यात येते. परदेशातल्या खरेदीदाराने कितीही गोड बोललं तरी कुरिअर करू नका. दुसरं, पाया खणताना जमिनीतून काही निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं की कलेक्टरला कळवायचं असतं. माळ्यावरची पेटी त्यात येत नाही.

आणि एसटीत पिशवीतून घेऊन फिरू नका!

पागोळी

मला मनापासून विचारायचंय. माणसाच्या पोटात खुपसायला बनवलेली वस्तू घरात जपून का ठेवायची? नांगर ठेवा, जातं ठेवा. हे कशाला?

सड्यावरचा

पागोळीताई, तुमचा प्रश्न योग्य आहे. माझ्यापुरतं उत्तर देतो.

आमचं घराणं महार पलटणीतलं. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दापोलीला छावणी केली, म्हणून आजही लोक कॅम्प दापोली म्हणतात. पुढे पेन्शनीत निघालेले कितीतरी देशी शिपाई तिथे स्थायिक झाले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ ला सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत आले आणि तिथूनच त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लिहायला सुरुवात केली. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले. मग इंग्रजांनी लढाऊ जातींचं खूळ काढून महारांची भरतीच बंद केली. त्याविरुद्ध वलंगकरांनी १८९४ मध्ये सरसेनापतींकडे अर्ज केला. पिढ्यानपिढ्या पलटणीत असलेल्या घरांना एका फटक्यात दार बंद झालं. १९१७ ला १११ महार पलटण उभी राहिली, ती १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट आली १९४१ ला.

आमच्याकडे मार्टिनी हेन्री रायफलची १८७६ च्या नमुन्याची संगीन आहे, जवळजवळ २२ इंच लांब. ती कुणाच्या पोटात गेली का, मला माहीत नाही. पण ज्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर उभं करत नव्हते, त्याच्या खांद्यावर ती होती. आमच्याकडे त्या काळाचं दुसरं काही नाही, जमीन नाही, कागद नाही, फोटो नाही. म्हणून ठेवतो.

पागोळी

समजलं. असं कधी डोक्यात आलं नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत.

रोहा_डायव्हर्शन

सड्यावरचा, फार चांगलं लिहिलंत. आमच्या बाजूलाही पलटणीची घरं भरपूर. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना इटलीतल्या जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला पुतळा आहे. जाता-येता लोक फक्त ट्रॅफिक बघतात, पुतळा बघत नाहीत.

चाकरमानी_दादर

चोर बाजारात ‘दुसऱ्या महायुद्धातली जर्मन संगीन’ म्हणून एकाने दाखवली. घ्यावी का? पात्यावर गरुड आहे.

शेफील्ड_पोलाद

न बघता सांगणं कठीण, पण गरुड आणि स्वस्तिक असलेल्या वस्तूंच्याच नकला सर्वांत जास्त होतात, कारण त्यांनाच भाव आहे. तिथे उभ्या उभ्या काय बघायचं ते सांगतो. खरा ठसा ठोकलेला असतो, त्यामुळे अक्षराच्या कडा धारदार असतात आणि बाजूचं धातू किंचित उचललेलं असतं. नकलेत अक्षर ओतीव, गोलसर, साबणावरच्या नावासारखं दिसतं. खरा गंज जागोजागी वेगळा असतो, परजेच्या कोपऱ्यात जास्त, हाताळलेल्या जागी कमी. आम्लात बुडवलेली नक्कल सगळीकडे एकसारखी खडबडीत. खटका दाबून बघा, बंदुकीवर बसायची खोबण आतून बघा. नकलांमध्ये खोबणीत बहुधा कुठलीच बंदूक बसणार नाही. साम्राज्याच्या काळातल्या जर्मन संगिनीच्या पात्याच्या पाठीवर मुकुट, राजाचं अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. दिखाऊ गरुडापेक्षा ही बारीक खूण जास्त बोलते.

आंबोली_घाट

आमची सावंतवाडी बाजूची. लाकडी मूठ, लांब पातं, पाठीवर बारीक अक्षरांत ‘स्टायर १८८६’ असं कोरलेलं. आजोबा ऑस्ट्रियाची म्हणायचे, काका पोर्तुगीजांची म्हणतात. भांडण जुनं आहे.

शेफील्ड_पोलाद

दोघेही बरोबर! ऑस्ट्रियातल्या स्टायर कारखान्याने पोर्तुगालसाठी क्रोपाचेक रायफली बनवल्या, ही १८८६ ची संगीन त्यांचीच. गोव्यात पोर्तुगीज डिसेंबर १९६१ पर्यंत होते आणि हद्द तुमच्या दारात. ती इकडे कशी आली याचा अंदाज मी बांधणार नाही, पण घरात कुणी जाणतं असेल तर आजच विचारून तारखेसह लिहून ठेवा.

लाल_माती

सर्वांचे आभार. भिंग घेऊन बसलो होतो. पहिलीवर दोन बाण आहेत, टोकाला टोक लावलेले, समोरासमोर. आय अक्षर दिसत नाही. दुसरीच्या नळकांड्याचा आतला व्यास २० मिमी, कडी अजून हललेली नाही. तिसरीच्या मुठीच्या टोकाला चंद्रकोर आहे.

शेफील्ड_पोलाद

आता बोलता येईल.

पहिली: समोरासमोरचे बाण म्हणजे सरकारी मालकीतून रीतसर विकून टाकल्याची खूण. शिपायाला आपली संगीन घरी न्यायला परवानगी नव्हती, ती पलटणीची वस्तू आणि हरवली तर शिक्षा. म्हणजे ही बसऱ्याहून पेटीतून आलेली नाही. नंतर केव्हातरी निकाली मालातून विकली गेली आणि कुणीतरी विकत घेतली.

दुसरी: २० मिमी म्हणजे एनफिल्डच. १८५७ नंतर देशी पलटणींना इंग्रजांनी मुद्दाम नळीत आटे (पेचदार खाचा) नसलेल्या बंदुका दिल्या, पण बाहेरून तशाच दिसणाऱ्या. पुढे स्नायडर रायफललाही हीच संगीन चालली. पण १९१६ मध्ये बसऱ्याला हिचं काहीच काम नव्हतं. ही तुमच्या पणजोबांच्याही आधीची. सड्यावरचा यांनी छावणीबद्दल लिहिलंय, शोध तिथून सुरू करा.

तिसरी मात्र घरातल्या गोष्टीशी जुळते. आकड्याची परज, जुने तुर्की आकडे, चंद्रकोर, म्हणजे जर्मनीत उस्मानी सैन्यासाठी बनलेली माउझरची संगीन. पुढे तुर्कस्तानात अशा असंख्य संगिनी कापून १० इंचांच्या आसपास आणल्या. तुमची अख्खी आहे, म्हणजे त्या कापाकापीच्या आधीच ती तिथून बाहेर पडली.

निवृत्त_जमादार

एक शंका. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमधल्या कुतच्या वेढ्यात सापडल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण गेल्या. कैदी माणूस शत्रूची संगीन घेऊन कसा येईल?

शेफील्ड_पोलाद

अगदी योग्य शंका. पण लढाई तिथे संपली नाही. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतलं आणि ऑक्टोबर १९१८ च्या शरकतच्या लढाईत ११४ मराठा पलटण होती. म्हणून पणजोबांची पलटण कळणं गरजेचं आहे. लाल_माती, पेटीत पदकं आहेत का? त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक गोल फिरवून बघा. पॉलिश न करता!

लाल_माती

एक रुपेरी पदक आत्याकडे आहे. आत्ता फोन केला. तिने चष्मा लावून कडेवरची अक्षरं एकेक करून वाचली. नाव पणजोबांचंच, पुढे ११४ आणि मराठा. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं, तिलाही नाही. तिन्ही संगिनींना वेगवेगळ्या चिठ्ठ्या करतोय. पहिलीवर ‘खरेदी, कुणाकडून माहीत नाही’ असंच लिहीन. कायदा_काका, अर्ज सोमवारी देतो, मसुदा व्यनितून (खाजगी निरोपातून) पाठवू का?

कायदा_काका

पाठवा. मापं आणि ठसे त्यात जसेच्या तसे लिहा, ‘जुनी तलवार’ असं मोघम नको.

खाडीकाठ

आता माझी. अलिबागजवळचं घर. पातं अधिक चिन्हासारखं, चार पाकळ्यांचं, बारीक आणि लांब. फ्रेंच लेबेल म्हणून वडिलांनी घेतली होती. म्यान मिळत नाहीये, कुठे शोधू?

शेफील्ड_पोलाद

मूठ आहे की नळकांडं? आणि टोक कसं आहे?

खाडीकाठ

नळकांडं. टोक पेचकसासारखं चपटं.

शेफील्ड_पोलाद

मग लेबेल नाही, तिला मूठ असते आणि टोक सुईसारखं. ही रशियन मोसिन-नागांत रायफलची. त्या चपट्या टोकाने शिपाई रायफलचे स्क्रू फिरवायचे. म्यान शोधू नका. रशियन पायदळ ती बंदुकीवर कायम चढवूनच ठेवायचं, त्यामुळे बहुतेकींना म्यान दिलेलंच नव्हतं. नळकांड्यावरचे ठसे लिहून पाठवा, कारखाना सांगतो.